कानात वाजतंय? आधी ऑडिओग्राम, मग औषध

कर्णनादावर, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात येणाऱ्या शिट्टीवर किंवा गुणगुणीवर, आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. उत्तरं कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येणं तपासून यंत्र बसवणारे तज्ज्ञ, यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : वय 58. आठ महिन्यांपासून दोन्ही कानांत रातकिड्यांसारखा आवाज आहे. पहिल्या डॉक्टरांनी बीटाहिस्टीन आणि गिंको बिलोबाच्या गोळ्या तीन महिने दिल्या. दुसरीकडे कानाचं मशीन सांगितलं, जोडीचे सत्तर हजार. तिसऱ्या ठिकाणी दहा सिटिंगचं लेझर आणि वर कॅरोव्हेरीनचं इंजेक्शन. ऑडिओग्राममध्ये 4000 हर्ट्झला दोन्हीकडे 50 डेसिबल आलंय. कुणाचं ऐकू? (ठाणे)

मशीन सांगणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका, पण सत्तर हजारांचा चेक आजच फाडू नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटून दुसरी, ऑडिओग्रामची आहे. कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो, याची नोंद म्हणजे ऑडिओग्राम. 4000 हर्ट्झ ही वरची पट्टी, आणि तिथे तुमचं ऐकणं कमी झालंय. आतल्या कानातल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. वरच्या पट्टीच्या पेशी गेल्या की त्या पट्टीतली माहिती मेंदूकडे जात नाही. रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की आपण आवाज वाढवतो आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी होते, तसंच मेंदू करतो. तुमचे रातकिडे ही ती खरखर. गेलेल्या पेशी परत आणणारी गोळी आज उपलब्ध नाही. त्यामुळे उपचार निवडताना ‘याने आवाज बंद होईल का’ असं न विचारता ‘याने मेंदूला हवी ती माहिती मिळेल का, किंवा मेंदू या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकेल का’ असं विचारा.

गोळ्यांचं पटकन सांगतो. बीटाहिस्टीन चक्कर येणाऱ्या मेनिएर आजारात वापरतात. नुसत्या कर्णनादासाठी ते देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2020 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे. गिंको, झिंक आणि मेलाटोनिन यांची शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच म्हटलं. शिवाय तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर गिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तीन महिने घेऊन फरक पडलेला नाही, तेव्हा डॉक्टरांना सांगून बंद करा. लेझर आणि कॅरोव्हेरीन यांच्या मागे भरवशाचा पुरावा नाही. ‘दहा सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी’ असं ज्या उपचाराबाबत सांगितलं जातं, तिथे आम्ही तरी दोन पावलं मागे सरकू.

आता मशीन. श्रवणयंत्राने कर्णनाद कमी होतोच, असा भक्कम पुरावा आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण 50 डेसिबलचं नुकसान असलेल्या माणसाला नातवंडांचं बोलणं नीट ऐकू येण्याचा फायदा नक्की आहे, आणि बाहेरचे बारीक आवाज कानात येऊ लागले की आतला आवाज मागे पडतो, हा अनुभव पुष्कळांना येतो. म्हणून पुढे दिलंय त्या पद्धतीने घ्या.

यंत्र कानामागे बसणारं आणि रिसीव्हर, म्हणजे त्याचा छोटा स्पीकर, कानाच्या नळीत असलेलं असावं. नळीत बसणारी मऊ टोपी, म्हणजे डोम, बंद नको, भोकांचा हवा. तुमचं खालच्या पट्टीचं ऐकणं चांगलं असेल, तर बंद डोम घातल्यावर स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमतो आणि बाहेरचा नैसर्गिक आवाजही अडतो. नुकसान दोन्हीकडे आहे म्हणून यंत्रंही दोन. जोडणी करताना कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष आवाज मोजतात, त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ते करणार का, हे आधी विचारा. फक्त कॉम्प्युटरवर ‘फर्स्ट फिट’ करून यंत्र हातात दिलं, तर वरच्या पट्टीला पुरेसा आवाज बहुतेक वेळा मिळत नाही, आणि तुमची गरज नेमकी तिथेच आहे. शांत खोलीसाठी एक वेगळा प्रोग्राम मागा, ज्यात गोंगाट दाबणारी सोय कमीत कमी असेल. ती सोय पंख्याचा, पावसाचा मंद आवाज पुसून टाकते. कर्णनाद असलेल्या माणसाला तोच आवाज हवा असतो.

दोन ते चार आठवडे घरी वापरून बघायला मिळतील आणि न पटल्यास पैसे परत मिळतील, हे लेखी घ्या. ट्रायलमध्ये लोक चुकतात ते असं : पहिल्या आठवड्यात भांड्यांचा खणखणाट आणि वर्तमानपत्राची सळसळ डोक्यात जाते, म्हणून यंत्र कपाटात जातं आणि फक्त लग्नकार्याला बाहेर येतं. त्याऐवजी आवाज आधी थोडा कमी ठेवून घ्या, दर आठवड्याला वाढवून घ्या आणि दिवसातून किमान आठ तास लावा. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, नाहीतर कोकणपट्टीच्या दमट हवेत रिसीव्हर लवकर जातो. मळ अडवणारी जाळी आवाज दबल्यासारखा वाटला की बदला. यंत्र बिघडलं म्हणून दुकानात येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची फक्त जाळी तुंबलेली असते.

किमती एका कानाला साधारण 15-20 हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. महाग यंत्रात ब्लूटूथ आणि गर्दीतल्या बोलण्यासाठी जास्त सोयी असतात. कर्णनादापुरतं मधल्या किमतीचं यंत्र आणि चांगला ऑडिओलॉजिस्ट ही जोडी महागडं यंत्र आणि घाईघाईची जोडणी यांपेक्षा बरी. ऑडिओलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, ते बघा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण संस्था आहे. यंत्र विकणाऱ्या दुकानाबाहेरचं दुसरं मत तिथे मिळू शकतं.

सुरू करण्याआधी टीएचआय (टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी) ही कर्णनादाचा त्रास मोजणारी 25 प्रश्नांची प्रश्नावली भरा. ‘हो’ला 4, ‘कधी कधी’ला 2, ‘नाही’ला 0 गुण. बेरीज 16 पर्यंत आली तर त्रास नगण्य, 38 ते 56 मध्यम, 58 किंवा जास्त आली तर तीव्र. तीन महिन्यांनी पुन्हा भरा. 7 गुणांहून कमी फरक असेल, तर बदल झाला असं धरू नका. या आकड्याशिवाय उपचारांची तुलना म्हणजे आज बरं वाटलं, काल वाटत नव्हतं, एवढंच उरतं.

प्रश्न : वय 34. उजव्या कानात नाडीसारखी धडधड ऐकू येते. गेल्या वर्षभरात वजन 12 किलो वाढलं, डोकंही दुखतं. यावर साउंड थेरपी चालेल का? (पुणे)

नाही. तुमचं पत्र बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. मनगटावर बोट ठेवून अर्धा मिनिट बघा. धडधड नाडीच्या ठोक्याबरोबर असेल, तर आधी कारण शोधायचं, आवाज झाकायचा नाही. डोकेदुखी, वाढलेलं वजन आणि तुमचं वय बघता कवटीतला दाब वाढलेला नाही ना, हे आधी तपासायला हवं. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जाऊन बाहुल्या मोठ्या करून मागचा पडदा आणि नेत्रनाडीची सूज बघून घ्या. वाकल्यावर दृष्टी क्षणभर अंधारत असेल, तर उद्याच जा. या दाबाकडे दुर्लक्ष झालं तर दृष्टी कायमची जाऊ शकते. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, कारण रक्तक्षय आणि वाढलेलं थायरॉइड यांनीही अशी धडधड ऐकू येते. कानाचे डॉक्टर पडद्यामागे लालसर गाठ दिसते का ते बघतील आणि रक्तवाहिन्यांचा एमआर किंवा सीटी अँजिओ-व्हेनोग्राम सांगतील. साधा मेंदूचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणून थांबू नका. त्यात शिरांचा दोष नजरेतून सुटू शकतो.

याच निमित्ताने आणखी दोन धोके सगळ्यांसाठी. एकाच कानात आवाज असेल किंवा दोन कानांच्या ऑडिओग्राममध्ये स्पष्ट फरक असेल, तर आतल्या कानाच्या नसेवर गाठ नाही ना, यासाठी कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो. आणि सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद पडून शिट्टी सुरू झाली, तर ती आणीबाणी समजा. तीन दिवसांच्या आत आलेला असा बहिरेपणा बऱ्याचदा ‘मळ असेल, सर्दी असेल’ म्हणून सोडला जातो. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, साखर बरीच वर जाते.

प्रश्न : दिवसा कामात कळत नाही, पण रात्री अंथरुणावर पडलं की शिट्टी सुरू. मोबाइलवर पावसाचा आवाज लावून बघितला, उलट जास्त जाग येते. चहा सोडला, तरी फरक नाही. (नाशिक)

चहा परत सुरू करा. चहा-कॉफी सोडल्याने कर्णनाद कमी होतो याला आधार मिळालेला नाही, आणि अचानक सोडल्याने डोकं मात्र दुखतं. फक्त संध्याकाळी पाचनंतरचा कप झोपेसाठी टाळा.

पावसाच्या आवाजात काय चुकत असेल, ते सांगतो. पहिली शक्यता, आवाज शिट्टी पूर्ण बुडेल एवढा मोठा ठेवलाय. मग मेंदू शिट्टीची सवय करून घेत नाही, आणि आवाज बंद होताच ती दुप्पट वाटते. शिट्टी आणि पाऊस दोन्ही ऐकू येतील, पाऊस किंचित खाली, अशी पातळी हवी. दुसरी शक्यता, अर्ध्या तासाचा टायमर. तो संपला की मध्यरात्री खोली एकदम सुन्न होते आणि जाग येते. रात्रभर चालू ठेवा. तिसरी, गडगडाट किंवा पक्षी असलेलं ध्वनिमुद्रण, नाहीतर फुकटच्या व्हिडिओतली मध्येच येणारी जाहिरात. एकसारखा, शब्द नसलेला, जोड न कळणारा आवाज फोनमध्ये उतरवून ठेवा. फोनचा स्पीकर फक्त चिरका भाग वाजवतो, म्हणून छोटा ब्लूटूथ स्पीकर हात-दीड हात लांब, डोक्याच्या पातळीवर ठेवा. इअरफोन घालून झोपू नका, नळीला जखम होते. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला, तरी बऱ्याच घरांत काम भागतं.

पण आवाज हा अर्धाच भाग आहे. दुसरा भाग झोपेचा. उठण्याची वेळ रविवारीही बदलू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, आणि डोळे जड झाल्यावरच परत या. पहिले दहा दिवस थकवा वाढेल. याच दिवसांत लोक हात टेकतात आणि क्लोनाझेपामची गोळी मागून घेतात. ती चार-सहा आठवड्यांत सवय लावते आणि एकदम सोडली की झोप आणि कर्णनाद दोन्ही बिघडतात. आधीपासून घेत असाल, तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतील.

प्रश्न : मी यंत्रमागावर 15 वर्षं काम करतो. दोन्ही कानांत शिट्टी आहे. कापूस घालतो, तरी संध्याकाळी वाढते. काम सोडता येणार नाही. (इचलकरंजी)

काम सोडायला कुणी सांगत नाही, पण कापूस आजच टाका. तो मागाचा आवाज नाममात्रच अडवतो आणि ‘आपण काहीतरी घातलंय’ असं खोटं समाधान देतो.

85 डेसिबल आवाजात 8 तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते : 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला फक्त 1. यंत्रमागाच्या खोलीत शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं, म्हणजे तुम्ही या कोष्टकाच्या कितीतरी पुढे आहात. आपल्या कारखाना नियमांची 90 डेसिबलची मर्यादा यापेक्षा ढिली आहे, म्हणून ‘नियमात बसतं’ यावर विसंबू नका.

मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग घ्या. ते नीट बसवले नाहीत तर कापसाइतकेच निरुपयोगी. हात साबणाने धुवा. तेलाच्या आणि सुताच्या हाताने घातले, तर नळीत बुरशी होते. प्लग बोटांत फिरवून सळईसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि बोट लावून 30 सेकंद धरा. फुगून तो नळी भरतो. मग दोन्ही तळवे कानांवर दाबा. मागाचा आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही, पुन्हा घाला.

पाळीभर काढू नका, हे सर्वांत महत्त्वाचं. 30 डेसिबल अडवणारा प्लग 8 तासांत एकूण अर्धा तास जरी माग चालू असताना काढला, तरी सरासरी संरक्षण 12 डेसिबलवर येतं. बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला. मात्र घरी, रस्त्यावर, शांत ठिकाणी प्लग घालून फिरू नका. शांततेत शिट्टी ठळक होते आणि साधे आवाजही टोचायला लागतात. गणपतीत डीजेच्या भिंतीपुढे उभं राहायचं असेल, तर तिथे मात्र घाला.

ऑडिओग्राम पाळी संपल्यावर लगेच नको, आठवड्याच्या सुट्टीनंतर सकाळी काढा, म्हणजे तात्पुरता बधिरपणा निघून खरं नुकसान दिसेल. 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला, तर तो आवाजाने झालेल्या नुकसानीचा ठसा आहे. ईएसआयचं कार्ड असेल तर तो कागद जपून ठेवा. आवाजामुळे येणारं बहिरेपण कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे.

प्रश्न : मिस्टरांना दोन वर्षांपासून कर्णनाद आहे. सगळ्या तपासण्या झाल्या, यंत्रही आहे. ते म्हणतात, ‘या आवाजाने मी वेडा होईन.’ डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितल्यावर चिडले. (सोलापूर)

ताई, त्यांना सांगा की डॉक्टरांनी ‘आवाज मनाचा खेळ आहे’ असं म्हटलेलं नाही. कर्णनादाच्या त्रासावर आज सर्वांत चांगला तपासलेला उपचार म्हणजे सीबीटी, बोधात्मक वर्तन चिकित्सा. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 28 चाचण्या धरल्या होत्या. उपचाराच्या प्रतीक्षायादीत असलेल्यांच्या तुलनेत सीबीटी घेणाऱ्यांचे टीएचआय गुण सरासरी 11 ने कमी झाले. मघाशी सांगितलेला 7 चा उंबरठा इथे ओलांडला जातो. आवाजाची पट्टी किंवा जोर सीबीटीने कमी होत नाही, हेही आधीच सांगा. नाहीतर तिसऱ्या भेटीला ‘आवाज तर तसाच आहे’ म्हणून सोडून देतील.

साधारण 6 ते 10 भेटी, दर आठवड्याला एक. ‘आवाज वाढला म्हणजे आजार वाढला’ यासारखी वाक्यं पकडून तपासायची, आवाजाच्या भीतीने सोडलेल्या गोष्टी, देवळात जाणं, मित्रांचा कट्टा, एकेक करून परत सुरू करायच्या, आणि दर तासाला ‘अजून आहे का’ म्हणून कान देऊन ऐकायची सवय मोडायची. घरच्यांनीही रोज ‘आज कसा आहे आवाज?’ विचारणं थांबवायचं. काळजीने विचारलेलं असलं, तरी त्या प्रश्नाने लक्ष पुन्हा तिथेच जातं. चांगला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोलापुरात सोयीचा नसेल, तर व्हिडिओवर मराठीतून घेतला तरी चालतं.

टीआरटी नावाचा एक जुना उपचार कुणीतरी सुचवेलच : समुपदेशन आणि कानात मंद आवाज करणारं यंत्र, वर्ष-दीड वर्ष. 2019 मध्ये अमेरिकी लष्करी रुग्णालयांतल्या 151 जणांवर त्याची नीट तुलना झाली. यंत्र असलेले, यंत्राऐवजी नकली यंत्र असलेले आणि नेहमीचे उपचार घेणारे, तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे समजावून सांगणं कामाला येतं, पण त्यावर वेगळं यंत्र विकत घ्यायची घाई नको.

‘जगणं नको’ असं बोलत असतील, तर आठवड्याच्या भेटीची वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर मराठीत बोलता येतं. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : सासूबाई लसूण घालून तापवलेलं तेल कानात टाकायला सांगतात. मुलगा न्यू जर्सीहून जिभेवर विजेचे झटके देणारं यंत्र पाठवतो म्हणतो. यातलं काय करू? (सावंतवाडी)

तेल नको. कानाच्या पडद्याला भोक असेल, तर ते मधल्या कानात जाऊन पू होतो, आणि ‘कोमट’ म्हणून टाकलेल्या तेलाने नळी भाजते. वैद्यांकडून कर्णपूरण, म्हणजे कानात औषधी तेल भरण्याचा आयुर्वेदिक उपचार, करून घ्यायचं असेल, तर आधी पडदा शाबूत असल्याचं कानाच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. त्याने शिट्टी जाईल असं मात्र धरून चालू नका. मळ घट्ट बसला असेल, तर मऊ करणारे थेंब आणि डॉक्टरांकडून काढून घेणं. मळानेच आवाज येत असेल, तर त्याच दिवशी बरं वाटतं.

जिभेच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने मार्च 2023 मध्ये परवानगी दिली, मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास असलेल्या प्रौढांसाठी. झटके नसतात, जिभेवर शीतपेयासारखी चुणचुण होते आणि त्याच वेळी हेडफोनमधून आवाज येतो. रोज तासभर, बारा आठवडे. परवानगीसाठीच्या चाचणीत मध्यम आणि जास्त त्रासाच्या लोकांना नुसत्या आवाजापेक्षा अधिक फायदा दिसला, पण तुलना त्याच लोकांच्या आधीच्या सहा आठवड्यांशी होती, नकली यंत्र दिलेल्या वेगळ्या गटाशी नव्हती. पेसमेकर असेल तर हे यंत्र चालत नाही. किंमत काही हजार डॉलर आहे आणि ते तिथल्या प्रशिक्षित ऑडिओलॉजिस्टकडून तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे बसवून घ्यावं लागतं. पार्सलने आलेला डबा उघडून लावण्यासारखं ते नाही. तुम्ही पत्रात टीएचआय लिहिलेला नाही, ऑडिओग्रामही नाही. मुलाला सांगा, तूर्त पैसे पाठवू नकोस, आधी आईच्या कानाची तपासणी होऊ दे.